साइट उघडते, पण उत्तर कोण देतंय? नाशिकमधल्या अकरा डोमेनची तपासणी

पिंपळगाव बसवंतला पॅकहाउस आणि नाशिकला कॉलेज रोडवर ऑफिस असलेल्या एका द्राक्ष निर्यातदार कंपनीच्या डोमेनची, म्हणजे साइट आणि मेलच्या पत्त्यांतल्या नावांची, तपासणी आम्ही डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात केली. तक्रार एवढीच होती की युरोपातल्या खरेदीदारांच्या काही मेल परत जातात. रोज जात नाहीत, सगळ्यांच्याही जात नाहीत. एका खरेदीदाराची सकाळची मेल परत गेली, तीच त्याने संध्याकाळी पाठवली तेव्हा पोचली. मेलची सेवा देणाऱ्यांना विचारलं, तर परत गेलेल्या मेलची त्यांच्याकडे नोंदच नव्हती. कंटेनर लागायच्या तोंडावर हे परवडणारं नव्हतं.

ऑफिसमधून पहिलं उत्तर मिळालं ते असं: "भाऊ, डोमेनमध्ये काही नाही. माझ्या मोबाइलवर साइट लगेच उघडतेय." मोबाइलला उत्तर देतो तो नेट पुरवणाऱ्या कंपनीचा रिझॉल्व्हर, म्हणजे डोमेनची माहिती शोधून देणारा सर्व्हर, आणि तो बरेचदा काही तासांपूर्वी साठवलेलंच उत्तर पुढे करतो. जमिनीचा व्यवहार करताना आपण ताजा सातबारा काढतो, विकणाऱ्याच्या कपाटातल्या जुन्या झेरॉक्सवर विसंबत नाही. डोमेनचंही तसंच करावं लागतं. नोंदणी रजिस्ट्रीत, म्हणजे डॉट कॉम, डॉट इन अशा शेवटाची मूळ वही सांभाळणाऱ्या संस्थेकडे बघायची, नेमसर्व्हरची, म्हणजे डोमेनबद्दल उत्तर देणाऱ्या सर्व्हरची नावं वरच्या झोनला (झोन म्हणजे नोंदींचा संच, वरचा म्हणजे डॉट कॉमचा वगैरे) विचारायची आणि बाकीच्या नोंदी प्रत्येक नेमसर्व्हरला वेगवेगळं विचारून घ्यायच्या.

आधी यादी करावी लागली, आणि यादीतच अर्धा दिवस गेला. अकाउंटच्या खात्यात आठ डोमेनच्या रिन्यूअलची बिलं होती. द्राक्षाच्या खोक्यावर छापलेलं एक डोमेन त्या आठांत नव्हतं. एका जुन्या व्हिजिटिंग कार्डावर दहावं सापडलं. अकरावं मिळालं सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीच्या नोंदींत. कुठल्याही साइटला एसएसएल सर्टिफिकेट दिलं की त्याची नोंद या जाहीर वहीत जाते, त्यामुळे कंपनीचं नाव तिथे शोधलं की विसरलेली डोमेन आणि सबडोमेन वर येतात. बिलांच्या भरवशावर यादी केली असती तर तीन डोमेन तपासायचीच राहिली असती.

डॉट कॉमची नोंदणी आम्ही डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या जागतिक संस्थेच्या लुकअप साइटवर पाहिली, डॉट इन आणि डॉट भारतची निक्सी या भारतीय संस्थेच्या रजिस्ट्रीत. नोंदणी बघायची जुनी हूइज पद्धत अजून सगळ्यांच्या तोंडात आहे, पण डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी २८ जानेवारी २०२५ पासून हूइज चालवण्याचं बंधन उठलं आणि तिची जागा आरडीएपी या नव्या पद्धतीने घेतली. कमांड लाइनवर हूइज मारून काहीच आलं नाही, तर डोमेन मोकळं आहे असं समजू नका. आरडीएपीवर पुन्हा बघा.

तारखा वाचताना दोन ठिकाणी हमखास गफलत होते. पहिली वेळेची. शेवटी झेड हे अक्षर असेल तर ती वेळ यूटीसीची, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. '१४ तारीख, २०:१०' म्हणजे नाशिकमध्ये १५ तारखेची पहाट, १ वाजून ४० मिनिटं. दुसरी गफलत जास्त महागात पडते. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्री ते आपोआप एक वर्ष पुढे ढकलते आणि रजिस्ट्रीच्या नोंदीत लगेच पुढच्या वर्षाची तारीख दिसायला लागते. पैसे मात्र कोणी भरलेले नसतात. जास्तीत जास्त ४५ दिवसांच्या या काळात रजिस्ट्रार (आपण जिच्याकडून डोमेन घेतो ती कंपनी) ते डोमेन कधीही काढून टाकू शकतो. खोक्यावरच्या डोमेनचं नेमकं हेच झालं होतं. ऑफिसच्या नोंदीत 'पुढच्या नोव्हेंबरपर्यंत आहे' असं लिहिलेलं, आणि स्टेटसमध्ये ऑटो रिन्यू पीरियड. तारखेच्या खाली स्टेटस असतं, ते वाचल्याशिवाय तारखेवर विश्वास ठेवायचा नाही. पैसे त्याच दुपारी भरले. तसं केलं नसतं तर पुढचा टप्पा रिडेम्प्शनचा: ३० दिवस, आणि त्यात सोडवायची फी नेहमीच्या रिन्यूअलच्या कितीतरी पट. त्यानंतर पेंडिंग डिलीटचे ५ दिवस, आणि मग डोमेन कोणालाही घेता येतं. हंगामातली लाखभर खोकी त्या नावाने छापून तयार होती.

स्टेटसमध्ये आणखी दोन शब्द लक्षात ठेवावेत. क्लायंट ट्रान्स्फर प्रोहिबिटेड दिसणं चांगलं. डोमेनला कुलूप आहे, कोणी परस्पर हलवू शकणार नाही. क्लायंट होल्ड दिसलं तर काळजीचं. अशा वेळी रजिस्ट्रारने डोमेन झोनमधून काढलेलं असतं, मग नेमसर्व्हर कितीही नीट लावलेले असोत. याचं एक नेहमीचं कारण म्हणजे नोंदणीनंतर किंवा माहिती बदलल्यानंतर येणारी पडताळणीची मेल. आयकॅनच्या नियमाप्रमाणे १५ दिवसांत तिला उत्तर मिळालं नाही, तर रजिस्ट्रारला डोमेन थांबवावं लागतं किंवा स्वतः पडताळणी करावी लागते. ती मेल बहुतेक वेळा जाहिरात समजून पुसली जाते.

मालकी बाहेरून दिसत नाही. २०१८ पासून मालकाचं नाव-पत्ता बहुतेक डोमेनवर झाकलेलं असतं. म्हणून रजिस्ट्रारच्या खात्यात लॉगिन करून रजिस्ट्रंट या रकान्यात काय आहे ते वाचलं. अकरापैकी चार डोमेन पूर्वी साइट बनवून देणाऱ्याच्या नावावर निघाली. बिल कंपनी भरत होती, पण कायद्याने बघितलं तर बिल भरणारा मालक होत नाही. तीन डोमेनवर संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा होता. हा फास ओळखायला हवा: डोमेन बंद पडलं की ईमेल बंद, आणि ते चालू करण्यासाठी लागणारा ओटीपी त्याच ईमेलवर. संपर्काचा ईमेल कायम वेगळ्या डोमेनवरचा, कंपनीच्या ताब्यातला आणि दोघांना उघडता येईल असा ठेवावा. डॉट कॉमचं नाव बदलताना जुन्या आणि नव्या दोन्ही मालकांचा होकार लागतो, आणि बदलानंतर रजिस्ट्रार ६० दिवस ट्रान्स्फर अडवू शकतो. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जायचं असेल तर तो क्रम आधीच ठरवून घ्या.

याच वेळी कंपनीच्या नावाशी मिळतीजुळती डोमेनही बघितली. एक अक्षर जास्तीचं असलेलं एक डॉट कॉम जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी नोंदलेलं होतं. त्यावर साइट काहीच नाही, पण एमएक्स नोंद आहे, म्हणजे मेल घ्यायची सोय केलेली. निर्यातदाराच्या बाबतीत याचा अर्थ गंभीर आहे. खरेदीदाराला 'आमचं बँक खातं बदललं' अशी मेल पाठवायची आणि त्याचं उत्तर तिथेच घ्यायचं, यासाठी अशी डोमेन वापरतात. आरडीएपीच्या उत्तरात रजिस्ट्रारचा तक्रारीचा ईमेल दिलेला असतो. एप्रिल २०२४ पासून फिशिंगचा कारवाईजोगा पुरावा मिळाला की रजिस्ट्रारवर पाऊल उचलण्याचं बंधन आहे. नुसत्या मिळत्याजुळत्या नावाला मात्र ते लागू होत नाही, म्हणून तारीख, एमएक्स नोंद आणि नावांमधला फरक लिहून ठेवला आणि खरेदीदारांना खऱ्या डोमेनची यादी फोन करून कळवली. सिंहस्थाच्या राहण्याची बुकिंग घेणाऱ्या साइटबद्दल कोणी विचारलं तरी आम्ही हीच दोन गोष्टी बघायला सांगतो: नोंदणी कधीची, आणि सरकारी असल्याचा दावा असेल तर नाव डॉट गव्ह डॉट इनने संपतं का.

आता मुख्य डोमेन, जिथे मेल परत जात होती. हे डॉट कॉम. त्याचे नेमसर्व्हर कोणते, ते वरच्या झोनलाच विचारायचं. डॉट कॉमचे तेरा सर्व्हर आहेत, ए पासून एम पर्यंत. डिग या, डोमेनच्या नोंदी विचारायच्या कमांडमध्ये ॲट लावून त्यातल्या ए.जीटीएलडी-सर्व्हर्स.नेटचं नाव दिलं, मग आपलं डोमेन, मग एनएस (नेमसर्व्हरची नोंद), आणि शेवटी प्लस नोरिकर्स. शेवटचा शब्द महत्त्वाचा, कारण त्याने 'इकडेतिकडे विचारू नको, तुझ्याजवळ आहे तेवढं सांग' असं बजावलं जातं. उत्तरात आन्सरचा भाग रिकामा आला आणि खाली अथॉरिटीच्या भागात तीन ओळी. हे बरोबर आहे. डॉट कॉमचा सर्व्हर स्वतः उत्तर देत नाही, पुढे कोणाला विचारायचं ते सांगतो. प्रत्येक ओळीत नावापुढे १७२८०० हा आकडा होता. हे सेकंद, म्हणजे ४८ तास. नेमसर्व्हर बदलल्यावर 'दोन दिवस लागतात' असं सगळे म्हणतात त्याचं मूळ इथे आहे. बदल कुठे पसरत वगैरे नसतो. जगभरच्या रिझॉल्व्हरनी जुनं उत्तर जास्तीत जास्त ४८ तास जपून ठेवलेलं असतं, ते आपापल्या वेळी गळून पडतं. म्हणूनच जुने नेमसर्व्हर बदलाच्या दिवशी बंद करायचे नसतात. दोन पूर्ण दिवस तरी त्यांच्यावर झोन चालू ठेवावा.

तिन्ही सर्व्हरना आता एकेक करून एसओए विचारला. एसओए म्हणजे झोनची पहिली नोंद. तिच्यात सीरियल नंबर असतो, आणि झोनमध्ये काहीही बदललं की तो वाढवायचा असतो. प्रथा अशी की वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवसाचा कितवा बदल, असे दहा आकडे लिहायचे.

पहिल्याने सीरियल दिला २०२५११२८०२. वर फ्लॅगच्या ओळीत एए होतं, म्हणजे हा सर्व्हर स्वतःच्या अधिकाराने बोलतोय, साठवलेलं सांगत नाही. २८ नोव्हेंबरचा दुसरा बदल. ठीक.

दुसऱ्यानेही एए लावूनच उत्तर दिलं: २०५२०६१७०१.

पटकन वाचलं तर दोन्ही सारखेच वाटतात. पुन्हा बघा: पहिल्यात २०२५, दुसऱ्यात २०५२. जूनमध्ये कोणीतरी हाताने सीरियल टाकताना दोन आकडे उलटे टाकले, आणि तो झोन नियमाप्रमाणे पहिल्याची नक्कल ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवर गेला. नंतर चूक लक्षात आल्यावर पहिल्या सर्व्हरवर आकडा सरळ केला गेला. इथून पुढे सगळं बिनसलं. दुसरा सर्व्हर ठरल्या वेळी पहिल्याला विचारतो, 'तुझा सीरियल काय?' पहिला सांगतो २०२५ वाला. दुसऱ्याकडे २०५२ वाला, म्हणजे त्याच्या हिशेबी त्याचाच झोन ताजा. तो काही घेत नाही. कसली चूकही नोंदवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही. पहिल्याशी संपर्क तुटला असता तर एसओएमधली एक्स्पायर मुदत संपून दुसरा सर्व्हर सर्व्हफेल, म्हणजे 'उत्तर देता येत नाही', असं सांगायला लागला असता आणि दोष दोन-तीन आठवड्यांत उघडा पडला असता. इथे संपर्क व्यवस्थित चालू होता, म्हणून मुदत दर वेळी नव्याने सुरू होत राहिली.

ऑगस्टमध्ये कंपनीने मेल नव्या सेवेवर नेली. एमएक्स नोंद पहिल्या सर्व्हरवर बदलली गेली. दुसऱ्यावर जूनचीच राहिली, कंपनीची खाती बंद केलेल्या जुन्या मेल सर्व्हरकडे बोट दाखवणारी. खरेदीदाराच्या रिझॉल्व्हरने ज्या वेळी दुसऱ्या सर्व्हरला विचारलं त्या वेळी मेल जुन्या ठिकाणी गेली, 'असा कोणी नाही' म्हणून परत आली. एमएक्सचा टीटीएल, म्हणजे उत्तर साठवून ठेवायची सेकंदांतली मुदत, १४४०० होता, म्हणजे ते चुकीचं उत्तर तिकडे चार तास टिकलं. चार तासांनी नशिबाने पहिल्या सर्व्हरला विचारलं गेलं तर मेल पोचली. सकाळची मेल परत आणि संध्याकाळची पोचली, ती अशी. नव्या मेल सेवेकडे नोंद सापडणार कुठून, ती मेल त्यांच्या दारात गेलीच नव्हती.

दुरुस्तीचे दोन मार्ग होते. सोपा मार्ग म्हणजे पहिल्या सर्व्हरवर सीरियल २०५२०६१७०२ करायचा आणि तिथून पुढे मोजत राहायचं. चालतं, पण तारखेवरून बदल ओळखायची सोय कायमची जाते. आम्ही दुसरा मार्ग घेतला. सीरियल ३२ बिटांचा असतो, त्याचा सर्वांत मोठा आकडा ४२९४९६७२९५, आणि तुलना घड्याळासारखी गोल फिरून होते. म्हणून अडकलेल्या आकड्यात २१४७४८३६४७ मिळवायचे: २०५२०६१७०१ अधिक २१४७४८३६४७ म्हणजे ४१९९५४५३४८. हा आकडा पहिल्या सर्व्हरवर टाकला. दुसऱ्याने तो ताजा मानून झोन उचलला. दुसऱ्याला थेट विचारून तोच सीरियल परत आल्याची खात्री केली, आणि मगच पहिल्यावर २०२५१२०३०१ लिहिलं. गोल मोजणीत हा आकडा ४१९९५४५३४८ च्या पुढचा ठरतो, म्हणून दुसऱ्याने तोही घेतला. मधली खात्री न करता लगेच दुसरा आकडा टाकला, तर काही सर्व्हर पहिली पायरी चुकवतात आणि पुन्हा २०५२ वरच अडकतात. एकाहून जास्त दुय्यम सर्व्हर असतील तर प्रत्येकाला विचारा.

राहिला तिसरा नेमसर्व्हर. त्याच्या नावाला पत्ताच मिळेना. मेल परत जाण्याशी त्याचा संबंध नव्हता, कारण पत्ता मिळाला नाही तर रिझॉल्व्हर उरलेल्या दोघांकडे जातो, थोडा वेळ जास्त लागतो एवढंच. पण आम्हाला सगळ्यात जास्त धास्ती याचीच वाटली. तो एका जुन्या होस्टिंगच्या डॉट इन डोमेनखाली होता, आणि ते डोमेन रिडेम्प्शनमध्ये होतं. महिनाभरात ते मोकळं झालं असतं. मग ज्याने ते विकत घेतलं असतं, त्याला या निर्यातदाराच्या नावाने उत्तरं देण्याचा अधिकार आपोआप मिळाला असता: एमएक्स स्वतःकडे वळवून मेल वाचता आली असती, सर्टिफिकेटही काढता आलं असतं. ही कल्पनेतली भीती नाही. जानेवारी २०२५ मध्ये उघड झालं की मास्टरकार्डच्या पाच नेमसर्व्हरपैकी एकाच्या नावात डॉट नेटऐवजी डॉट एनई लिहिलं गेलं होतं, म्हणजे नायजर देशाचं डोमेन, आणि ते जून २०२० पासून तसंच होतं. एका सुरक्षा संशोधकाने ३०० डॉलर भरून ते नाव आधी आपल्या ताब्यात घेतलं, म्हणून अनर्थ टळला. नेमसर्व्हरचं नाव अक्षर न अक्षर वाचा, आणि ते ज्या डोमेनखाली येतं त्या डोमेनचीही मुदत बघा. तिसरं नाव रजिस्ट्रारच्या पॅनलमधून तेव्हाच काढलं आणि ए.जीटीएलडीला पुन्हा विचारून ते गेल्याची खात्री केली. झोनच्या आतल्या एनएस नोंदींत आधीपासून दोनच नावं होती. वर तीन आणि आत दोन, ही विसंगती दिसली की तिथे थांबून कारण शोधायचं.

बाकीच्या डोमेनपैकी एक लिहिण्यासारखं आहे. खोक्यावरचं ते डोमेन काही नेटवर उघडायचं, काहींवर नाही. ऑफिसच्या वायफायवर बंद, मोबाइल डेटावर चालू. गूगलच्या ८.८.८.८ या रिझॉल्व्हरला विचारलं तर सर्व्हफेल. तोच प्रश्न प्लस सीडी लावून विचारला तर उत्तर बिनचूक आलं. प्लस सीडी म्हणजे 'सही तपासू नको'. तेव्हा दोष डीएनएससेकमध्ये, म्हणजे नोंदींवरच्या डिजिटल सहीच्या व्यवस्थेत आहे हे एका मिनिटात कळलं. नेमसर्व्हर बदलताना जुन्या ठिकाणची डीएस नोंद (सहीची किल्ली कोणती ते वरच्या झोनमध्ये सांगणारी) रजिस्ट्रारकडे तशीच राहिली होती, आणि नव्या झोनवर त्या किल्लीची सहीच नव्हती. जे रिझॉल्व्हर सही तपासतात त्यांना डोमेन बनावट वाटायचं. डीएस काढली. डॉट कॉममध्ये तिचा टीटीएल ८६४००, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळीकडे उघडायला लागलं. क्रम नेहमी असा ठेवावा: आधी डीएस काढायची, २४ तास थांबायचं, मग नेमसर्व्हर बदलायचे, आणि नव्या झोनवर सही सुरू झाल्यावर नवी डीएस घालायची.

झोनच्या आतल्या चुका नेहमीच्याच निघाल्या. दोन डोमेनवर एसपीएफच्या, म्हणजे डोमेनच्या नावाने मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात ते सांगणाऱ्या, दोन-दोन नोंदी. एसपीएफ एकच चालते, दोन असल्या की तपासणी फसते. एका ठिकाणी नावाच्या शेवटचा टिंब राहिल्यामुळे मेल सर्व्हरच्या नावाला डोमेन दोनदा जोडलं जात होतं. एका सर्व्हरवर पोर्ट ५३, म्हणजे नेमसर्व्हरचं दार, फक्त यूडीपी या पद्धतीसाठी उघडा होता, टीसीपी या दुसऱ्या पद्धतीसाठी नाही. टीसीपी बंद असेल तर लांब उत्तरं अडकतात, म्हणून डिगला प्लस टीसीपी लावून प्रत्येक सर्व्हरला एकदा विचारावं.

अकरावं डोमेन डॉट भारतचं होतं. काही साधनांना देवनागरी कळत नाही, तिथे एक्सएन आणि दोन डॅशने सुरू होणारं रूप द्यावं लागतं. भारत या शेवटाचं रूप एक्सएन--एच२बीआरजे९सी असं आहे. नाव वर्डच्या फायलीतून उचललं तर जोडाक्षरात न दिसणारं एखादं चिन्ह येऊ शकतं आणि उत्तर 'असं डोमेन नाही' येतं. हाताने टाइप करून एकदा ताडून बघितलं.

५ तारखेला संध्याकाळी, दोन दिवस उलटल्यावर, दोन्ही नेमसर्व्हरना एसओए आणि एमएक्स पुन्हा विचारले. उत्तरं जुळली. ज्या खरेदीदाराची मेल परत जात होती त्याच्याकडून चार वेगवेगळ्या वेळी मेल मागवल्या, चारही पोचल्या. साइट बनवणाऱ्याच्या नावावरच्या चारपैकी तीन डोमेन कंपनीच्या नावावर आली आहेत. चौथ्याला जुन्या मालकाच्या होकाराची मेल अजून यायची आहे, आणि त्या डोमेनची मुदत २७ फेब्रुवारीला संपणार होती, म्हणून ते आत्ताच एक वर्ष पुढे रिन्यू करून ठेवलं आहे.